वैजीनाथचं गणित

एकाहत्तरच्या लढाईत माझा धाकटा भाऊ वैजीनाथ जहाजासकट बुडाला. पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र कानाला लावून बसायचं, एवढंच त्याचं काम. पाणबुडी आली आणि त्याला ती ऐकूच आली नाही.

आई, सरजाबाई, रडली नाही. पेडगावच्या घरात तिनं त्याचा फोटो ट्रंकेत टाकला.

"दोन कोसांवरची गाडी ऐकायचा पोरगा," ती म्हणायची. "डोळा लागला आसल. कसूर त्याचीच हाय. त्याच्यापायी लोकांची लेकरं मेली."

मी परभणीच्या कॉलेजात गणित शिकवायचो. भाऊ कामावर झोपणारा नव्हता हे मला ठाऊक होतं, पण आईपुढं नुसतं म्हणून भागत नाही. जहाजावरच्या वाचलेल्या एका सोबत्यानं त्या दिवशी किती खोलीवर पाणी किती ऊन होतं ते पत्रानं कळवलं, आणि मी बसलो. समुद्राचे दहा-दहा मीटरचे थर पाडले. एका थरातून दुसऱ्यात शिरताना आवाज किती वळतो ते काढायचं, मग पुढचा थर. एक आकडा चुकला की पुढचे सगळे मातीत. स्टाफरूममध्ये विचारायचे, "सर, परभणीला समुद्र कधी आणताय?" हसोत बापडे. अकरा महिने गेले.

उत्तर आलं त्याच दिवशी वही घेऊन पेडगाव गाठलं.

"आई, आवाज गार पाण्याकडं वळतो. वर ऊन पाणी व्हतं, खाली गार. पाणबुडी खाली. तिचा आवाज खालीच वळला, वर आलाच न्हाई. कुणालाच ऐकू आला नसता. वैजू जागा व्हता."

तिनं वहीवरून हात फिरवला. अक्षर एक येत नव्हतं तिला. मग ट्रंक उघडली, फोटो पदरानं पुसला आणि इतक्या दिवसांचं रडली. मीही रडलो, आणि खोटं कशाला सांगू, मनात थोडा फुशारलोही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "रामकिशन, जहाज खाली गेल्यावर त्यानं आतून लोखंड ठोकलं आसल. वर संगतीला आसलेल्या दुसऱ्या जहाजाला आलं आसल का ऐकू?"

खालून वर, हेच तर गणित मी केलं होतं.

"आलं आसल, आई."

"मंग आले का न्हाईत त्ये?"

वही तिच्या मांडीवर उघडीच होती.

"न्हाई आलं, आई," मी म्हणालो. "कुणालाच न्हाई आलं ऐकू."