गर्दीतले अप्पा

रेणुकाने हेडफोन कानाशी दाबून धरला आणि कॅमेऱ्यावरच्या धर्मराजला सांगितलं, "मागची गर्दी धूसर कर. नुसते पैलवान ठेव."

शहागडच्या कुस्त्या टीव्हीवर थेट दाखवल्या जात होत्या. आखाड्याबाहेर वाहिनीच्या गाडीत बसून रेणुका कॅमेऱ्यातलं एचडी चित्र दाबून लहान करी आणि मोबाईलच्या नेटवरून पुढे धाडी. जे जागचं हललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हललेलं तेवढंच पाठवायचं. त्यावर सकाळपासून निभलं होतं. पण शेवटची कुस्ती लागली, माती उडाली, माणसं उठून फेटे हलवू लागली. सगळंच हललं, एवढं नेटला पेलेना. पडद्यावर पैलवानांच्या पाठी चौकोनाचौकोनांनी फुटायला लागल्या.

धर्मराजने लेन्स फिरवली. पैलवान स्वच्छ झाले. गर्दीचे नुसते रंगीत डाग उरले.

काम बरोबर झालं होतं, तरी रेणुकाला त्या डागांकडे बघवेना. त्यांतच कुठेतरी तिचे वडील, सांडूअप्पा, असणार होते. तीर्थपुरीला पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या मायनं फोनवर बजावलं होतं, "टीव्हीम्होरून हलत न्हाई मी. तुझ्या अप्पाला एकदा दाखव, बाई." अप्पा त्यासाठीच नवा गुलाबी फेटा बांधून आले होते.

कुस्ती संपली, टाळ्या विरल्या, तसं गाडीचं दार वाजलं. अप्पा. हातात कागदाची पुडी.

"सकाळपासून उपाशी हाईस. पिठलं-भाकर आणली, हायवेच्या हॉटेलातून."

"मंग कुस्ती?"

"हॉटेलात गर्दी लई होती. भाकरी व्हईस्तोवर थांबलो."

इतक्यात मायचा फोन आला. रेणुकाने तो स्पीकरवर टाकला.

"दिसले गं!" माय ओरडतच होती. "उभं राहून फेटा हलवून राह्यल्ते. म्या लगेच वळखलं. शेजारच्या सोनूबाईलाबी दाखवलं."

रेणुकाने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पुडी तिच्या मांडीवर ठेवली, नीट उलगडून दिली आणि फोन स्वतःकडे घेतला.

"हात भरून आला हलवून हलवून," ते म्हणाले. "बराबर दिसलो न्हवं?"