बुटात काहीतरी आहे

मोठी चादर दोघींनी ताणून धरली की मध्ये नऊ पावलांचं अंतर पडतं.

हॉटेलातल्या एका पाहुणीची अंगठी हरवली. साधी, सोन्याची.

बूट काढला. उलटा केला. झटकला. आत बोट फिरवलं. पुन्हा घातला. हे दिवसातून पाचदा.

सकाळी आठ वाजता: मी सात पावलं, ती दोन.

माझ्या सासूबाईंचं मत: जी बाई उठसूट बूट काढते, तिच्या बुटात कुठेतरी पाणी मुरतंय.

आता सरळ सांगते. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत आम्ही घड्या घालतो. आठ वर्षं एकाच चादरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी. ती उंच म्हणून शिडी. मी बुटकी आणि बोलायला टोचरी म्हणून टाचणी. चादर ताणायची, मग चालत येऊन मधोमध भेटायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. निम्मी पावलं तिची, निम्मी माझी. असा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडला की लगेच कळतो.

चार महिने झाले, शिडी पुढे येईना. सकाळी तर खांबासारखी जागेवर उभी, हात तेवढे लांब केलेले. पळायचं मी. आणि अकरा वाजले की बाईसाहेब ठणठणीत, चहाला माझ्या आधी हजर. आजारी माणूस घड्याळ बघून बरा होतो का? सोंग आहे, मी मनाशी म्हटलं. मग टिपून ठेवायला लागले.

सोमवार, आठ. टाचांवर चालते, बोटं टेकवत नाही, जसा काही चिखल तुडवतेय.
नऊ वाजून दहा. तेच.
पावणेअकरा. जिना उतरली. कठडा न धरता.

त्यात ही अंगठी. चादरींतून काय काय येतं: कानातली, चष्मे, एकदा तर कवळी. सापडलं की खिडकीतल्या डब्यात टाकायचं. अंगठी डब्यात नव्हती. मुकादम दोन दिवस सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. मी शिडीच्या पायांकडे.

गुरुवारी काम सुटल्यावर त्याने तिला थांबवलं, साक्षीदार म्हणून मला. दार लावलं आणि तिला बूट काढायला सांगितलं. काही निघालं तर उद्यापासून यायचं नाही, म्हणाला, आणि दुसरी कुठलीही लॉन्ड्री तुला दारात उभी करणार नाही याची व्यवस्था मी करीन. शिडीचा नवरा वर्षभर घरी बसून आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मला वाटलं, भांडेल. तिने निमूटपणे दोन्ही बूट काढून टेबलावर ठेवले. मुकादमाने आत हात घातला, आतला सोल उचकटला, बूट आपटून बघितले. काही नाही.

"नीट बघा," शिडी म्हणाली. "आहे काहीतरी आत."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला.

"चार महिने झाले," ती बोलत होती त्याच्याशी, पण बघत होती माझ्याकडे. "बोटांच्या मुळाशी गोट्या ठेवल्यासारखं होतं. काढून बघावं तर काही नाही. मला वाटलं, हीच टाकते. माझ्या आधी येते ना रोज, आणि कामाचे बूट तर रात्रभर इथेच असतात. आधी वाटलं खडे, मग वाटलं काचेचा चुरा."

"मी?"

"मग कोण? माझ्या पायांवर डोळा तुझाच आहे. दिवसभर बघत असतेस."

बघत तर होतेच.

मी बूट ओढून घेतला आणि स्वतः हात घातला. खडा नाही, चुरा नाही. फक्त बोटांच्या मुळाशी सोलमध्ये दोन खोल खळगे पडलेले. मुकादमाला तोंड फिरवायला लावलं आणि तिला मोजे काढायला. दोन्ही पायांची तीच दशा. चवडे सुजलेले, बोटं बाहेरच्या अंगाला कललेली, एक दुसऱ्यावर चढलेलं, खाली जाड घट्टे. ती रोज हे पाय धुवत होती. पण चोर बाहेरचाच, हे एकदा धरून बसलं की पाय तरी कुठे दिसतात?

मुकादम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, की पाय सुजले म्हणून अंगठी घेतली नाही असं कुठे ठरतं.

अंगठी शनिवारी हॉटेलातच निघाली, त्या पाहुणीच्या साबणाच्या पिशवीत. मुकादमाने शिडीला आपल्या कपातला अर्धा चहा दिला. माफी म्हणाल तर तेवढीच.

डॉक्टरकडे मी सोबत गेले. डॉक्टरबाईंनी तिचा चवडा दोन्ही बाजूंनी लिंबासारखा दाबला, तेव्हा शिडीने माझा दंड असा धरला की वळ उठले. मग त्यांनी विचारलं, सकाळी पाय आखडतात ते किती वेळ. जरा वेळ, शिडी म्हणाली.

"जरा वेळ नाही," मी म्हटलं. "आठला येते तेव्हापासून साडेदहापर्यंत. सोमवारी पावणेअकरा."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. बहीण का, म्हणून विचारलं.

"पहारेकरी," शिडी म्हणाली.

रक्त तपासलं. संधिवात निघाला, त्यातला तो, ज्यात अंग आपल्याच सांध्यांवर उठतं. तिच्या बाबतीत सुरुवात पायांपासून झाली होती. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, पण औषध नेमाने घेतलं तर बाकीचे सांधे वाचवता येतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे चोर घरातलाच," शिडी म्हणाली आणि मोजे चढवायला लागली.

आता तिचे बूट रुंद आहेत. अकरापर्यंत ती स्टुलावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालते. घड्या घालता घालता एकच विषय: मुकादमाच्या डोक्यात बूट आले कसे? तो तर आपल्या कुणाच्या पायांकडे कधी ढुंकून बघत नाही. आधी तिचा संशय इस्त्रीवालीवर होता. मग गाडीवाल्यावर. या आठवड्यात दारावरच्या म्हातारबाबांवर आहे, आणि तिने त्यांच्याशी बोलणं टाकलंय. मला विचारते, तुला काय वाटतं गं. मी म्हणते, कोण जाणे.

मुकादमाला बुटांचं मी सांगितलं, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत.