अठरावा ठोका

गणिताच्या मास्तरांच्या पोटी जन्म घेणं ही काही चैन नव्हे. इतरांचे बाप विचारतात, जेवलीस का, हा बाप दिसेल तो आकडा दाखवून म्हणायचा, "फोड!" म्हणजे, एक सोडून, त्याला भाग जाणारा सगळ्यात लहान आकडा शोध. उत्तर तोंडाने द्यायचं नाही. बडबड्यांचं डोकं चालत नाही म्हणे. टेबलावर बोटाने तितके ठोके द्यायचे, आणि कशानेच भाग जात नसेल तर मूठ मिटायची. थोरल्या भावाला एकदा एकाहत्तर ठोके द्यावे लागले, तेव्हापासून त्याने गणिताशी कट्टी केली. धाकटी मात्र रमली.

आता मास्तरांची वाचा गेली होती आणि अर्धं अंग लुळं पडलं होतं.

"बाबांना काही कळत नाही गं, चिमे," थोरला म्हणाला. "शुश्रूषागृहाची गाडी खाली उभी आहे. सही कर."

"एकदा विचारू दे. कळत असेल तर मी घरी नेते. सगळं मी करीन."

मास्तरांच्या मनगटावरच्या पट्टीवर रुग्ण क्रमांक होता. तिने तो मोठ्याने वाचला, "पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. बाबा, फोडा."

मनातल्या मनात तीही फोडू लागली. दोनाने भागलं, बाकी एक. तिनाने, बाकी एक. पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. दरवेळी तोच हट्टी एक उरायचा. असला आकडा तिने जन्मात पाहिला नव्हता. हा फुटायचा नाही, तिने ठरवून टाकलं. मूठ मिटा बाबा, नुसती मूठ मिटा.

मास्तरांचं बोट खाटेच्या कठड्यावर पडू लागलं. ती मोजत राहिली. सतरा. अठरा. संपलं सगळं. अठराने भाग जातो त्याला दोनानेही जातोच. सगळ्यात लहान म्हणून अठरा कुणी सांगणार नाही, मास्तर तर नाहीच नाही. नुसता कंप होता तो. तिला बघवेना. तिने ते बोट मुठीत धरून थांबवलं.

"पटलं?" थोरल्याने हळूच विचारलं. त्याचेही डोळे भरले होते, उगाच त्याला नावं कशाला ठेवा. तिने सही केली.

घरी मास्तरांचे कपडे आवरताना तो आकडा काही डोक्यातून जाईना. सतराच्या पुढे आपण गेलोच नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने एकोणिसाने भागून बघितलं. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. बाकी शून्य.

मुठीत धरल्यावर ते बोट आणखी एकदा हललं होतं. चांगला जोर लावून.

तिने शुश्रूषागृहाला फोन लावला.

"अगदी शांत आहेत हो," परिचारिका म्हणाली. "आल्यापासून सारखं बोट आपटत होते. मग इंजेक्शन दिलं. आता हात अजिबात हलत नाही."