कठड्यावरची गाठ

गाडी थांबली, दारं उघडली, आणि सुन्निवाला आधी तूरिद दिसलीच नाही. दिसला तो स्कार्फ. राखाडी लोकर, काठाला लाल पट्टा, आणि एका टोकाला निसटलेला टाका. गेल्या हिवाळ्यात तूरिदच्या विसाव्या वाढदिवसासाठी तिनं स्वतः विणलेला. आता तो भलत्याच मुलीच्या गळ्यात होता.

"ही बेनेदिता," तूरिद म्हणाली. "माझ्या खोलीवर राहते. पोर्तुगालची. म्हटलं, हिलाही आणावं. चालेल ना?"

माणूस फलाटावर आणून उभं केल्यावर 'चालेल ना' विचारण्यात काय अर्थ?

"चालेल की," सुन्निवा म्हणाली, आणि बेनेदितानं तिच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. सुन्निवाच्या गावात माणसं मयताला गेली तरी लांबूनच हात हलवतात. ती ओंडक्यासारखी उभी राहिली.

दोघी मैत्रिणी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या. मासे वाळवायच्या लाकडी मांडवांखाली एकत्र खेळलेल्या, एकाच बाकावर बसलेल्या. दर नववर्षाच्या सकाळी सुन्निवाच्या घरच्या सोफ्यावर एका पांघरुणात पाय खुपसून दोघी टीव्हीवर व्हिएन्नाची मैफल बघत. बाहेर अकरा वाजताही नीट उजाडलेलं नसे आणि पडद्यावर फुलंच फुलं. तेराव्या वर्षी तिथंच त्यांनी एकमेकींना शब्द दिला होता: व्हिएन्नाला जायचं, आणि पहिल्यांदा जायचं ते दोघींनी मिळूनच.

एक सत्र परदेशात शिकायची सोय झाली तेव्हा सुन्निवानं ऑस्ट्रियातलं ग्रात्स घेतलं आणि तूरिदनं स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा. मध्ये व्हिएन्ना. सप्टेंबरात सुन्निवा व्हिएन्नाच्या विमानतळावर उतरली, पण तिथूनच तिनं ग्रात्सची बस धरली. वर्गातल्या मुलांनी तीनदा बोलावलं, "चल गं, एक दिवसाची तर गोष्ट आहे." ती गेली नाही. उपास धरावा तसं तिनं ते शहर धरलं होतं. आज नोव्हेंबरातल्या शनिवारी तो उपास सुटायचा होता.

"प्रवास कसा झाला?" सुन्निवानं घरच्या भाषेत विचारलं.

"छान," तूरिदनं इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मग इंग्रजीतच हळूच म्हणाली, "हिच्यासमोर आपल्या भाषेत नको गं बोलायला. बरं दिसत नाही."

स्टेशनाबाहेरच्या बाकावर सुन्निवानं डबा उघडला. आईनं टपालानं पाठवलेलं तपकिरी चीज तिनं तीन आठवडे खिडकीच्या थंड कट्ट्यावर जपून ठेवलं होतं. पावाच्या चार चकत्या, मध्ये चीज, प्रत्येकीखाली कागद, अगदी शाळेत न्यायच्या तशा. दोघींना दोन-दोन. तूरिदनं आपल्यातली एक उचलून बेनेदिताच्या हातात दिली.

"हे चीज आहे?" बेनेदिता म्हणाली. "मला वाटलं, कपडे धुवायचा साबण!"

तूरिद हसली. त्या चीजला साबण म्हणणाऱ्या एका मुलाशी हीच तूरिद सातवीत मारामारी करून बसली होती. सुन्निवाला ते आठवलं आणि घास तोंडातच फिरत राहिला.

मग शहर सुरू झालं. ट्राममधून जाताना मोठमोठ्या पांढऱ्या इमारती बाजूनं सरकत होत्या. सुन्निवाला त्या बघायच्या होत्या, पण डोळे सारखे समोरच्या बाकाकडे जात. दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. तूरिद काही सांगायला लागली की बेनेदिता तिचं वाक्य पुरं करी. बारा वर्षं हे काम सुन्निवाचं होतं.

"थंडी वाजते का हो तुम्हाला तिकडे?" तिनं बेनेदिताला विचारलं. आवाज गोड ठेवला होता, पण आत सुई होती.

"अगं, मी तर एक पातळ कोट घेऊन आले होते! पहिल्याच आठवड्यात आजारी पडले. तूरिदनं स्वतःच्या गळ्यातला काढून दिला." बेनेदितानं स्कार्फ गालाला लावला. "तू विणलास ना? ती सगळ्यांना सांगते."

सांगते. आणि देऊनही टाकते.

ऑपेराच्या मागच्या टपरीवर तिघी सॉसेज खायला थांबल्या. टपरीवाला मोठ्या मिशांचा. त्यानं तूरिद आणि बेनेदिताकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, "अरे वा, दोघी पुन्हा आलात! आज तरी मोहरीची चटणी बेताची घालू ना?"

ग्रात्समध्ये शिकणाऱ्या सुन्निवाला जर्मन येत होतं. त्या दोघींना चार शब्दांपलीकडे नाही.

"काय म्हणाला गं?" तूरिदनं विचारलं.

"पुन्हा आलात, म्हणाला."

तूरिदचे कान लाल झाले. ती लहानपणापासूनच खोटं पचवू शकत नसे. "ऑक्टोबरात. एकदाच. बेनेदिताचा वाढदिवस होता. ब्रातिस्लावाहून तासाभराची तर गाडी. नुसती चक्कर मारली गं. त्याला काय शहर पाहणं म्हणतात?"

"नाही, तसं कसं म्हणतील," सुन्निवा म्हणाली. सॉसेज तसंच कागदावर ठेवलं. बेनेदितानं विचारलं, "तू खात नाहीस?" आणि खाल्लंही.

उरली होती एकच गोष्ट. ऑपेरा. तिथं त्या दोघी आत गेल्या नव्हत्या, हे सुन्निवानं आडवळणानं काढून घेतलं. आपण आणि तूरिद कठड्याला टेकून शेजारीशेजारी उभ्या आहोत, पडदा वर जातोय, एवढं तरी व्हायला हवं होतं. बेनेदिता दुसऱ्या बाजूला उभी राहीना का.

उभ्यानं पाहायच्या तिकिटांची रांग भिंतीला धरून लांबवर गेली होती. त्यांच्या पुढं एक म्हाताऱ्या बाई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. काळा कोट, पायांत जाड तळव्यांचे बूट. पोकोर्नीबाई म्हणून साऱ्या रांगेत त्यांची ओळख. येणारेजाणारे त्यांना मान लववून जात.

"पहिल्यांदा?" त्यांनी सुन्निवाला विचारलं.

"हो आजी. काही नियम असतात का?"

"एकच असतो. आत गेलीस की कठड्याची जागा धर आणि तिथं रुमाल बांध. मग खुशाल फिर, कॉफी पी. गाठ आहे तोवर जागा तुझी. दुसऱ्याच्या गाठीला इथं कुणी हात लावत नाही. एकेचाळीस वर्षं उभी राहतेय मी, गुडघे गेले, पण ते कधी पाहिलं नाही."

सुन्निवानं हे दोघींना इंग्रजीत सांगितलं. दारं उघडली आणि लोक भराभर जिने चढू लागले. दारावरच्या माणसानं नेमकी सुन्निवाची पाठपिशवी अडवली. खाली जमा करून या म्हणाला, कोटासकट.

"जा तू, आम्ही जागा धरतो!" तूरिद जिन्यावरून ओरडली.

सामान जमा करायच्या रांगेत बराच वेळ गेला. सुन्निवा वर पोचली तेव्हा कठडा गाठींनी भरला होता. पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, तूरिदचा निळा रुमाल तिनं ओळखला. त्याच्या शेजारी राखाडी लोकर, लाल पट्टा, निसटलेला टाका. त्याच्या पलीकडे कुणा परक्याची पिवळी रिबीन. तूरिदच्या अलीकडे खांब. तूरिद आणि बेनेदिता कुठं दिसत नव्हत्या.

सुन्निवानं तीनदा पाहिलं. तूरिद. तिच्याशेजारी बेनेदिता. आणि आपल्याला? आपल्याला जागाच नाही. बांधायला यांना माझाच स्कार्फ सापडला, आणि तोही मला बाहेर ठेवायला.

तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं आपोआप पुढं झाली. गाठ सैलच होती, एका झटक्यात सुटली. आता इथं आपणच उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तोच जिन्यावरून तूरिदचं हसू ऐकू आलं. हातात स्कार्फ, पायाखाली ही जागा! सुन्निवानं तो स्वेटरखाली कोंबला आणि बाजूच्या दारानं सटकली. स्वच्छतागृहात जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. पोटाशी लोकर टोचत होती.

ती परतली तेव्हा मधल्या जागेवर काळा रुमाल बांधलेला होता आणि पोकोर्नीबाई कठड्याला कोपरं टेकून उभ्या होत्या. त्यांच्या एका बाजूला तूरिद, दुसऱ्या बाजूला बेनेदिता. पिवळी रिबीन बेनेदिताच्या वेणीतली होती. सुट्या केसांवरून ते आता कळलं.

"सुन्निवा! बघ काय झालं," तूरिद रडवेली झाली होती. "ही तुझी जागा. मधली. तुला चटकन सापडावी म्हणून तुझाच स्कार्फ बांधला होता. बेनेदितानं गळ्यातला काढून दिला आणि स्वतःची रिबीन सोडून पलीकडे बांधली. या म्हातारीनं तो काढून टाकला आणि स्वतः येऊन उभी राहिली!"

सुन्निवानं स्वेटरची कड खाली ओढली.

"तुला जर्मन येतं. विचार तिला, स्कार्फ कुठं टाकला?"

"जाऊ दे ना. मी मागं उभी राहते."

"का म्हणून? सात वर्षं वाट पाहिली आपण! विचार म्हणते ना!"

आवाज चढला तशी गणवेशातली दारवानबाई जवळ आली. आजूबाजूच्या माना वळल्या. बेनेदिता खुणांनी पोकोर्नीबाईंना दाखवत होती: गळा, गाठ, झटका. बाईंना ती भाषा कळली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"यांचं म्हणणं आहे की मी गाठ सोडली?" त्यांनी सुन्निवाला विचारलं. "इथं असलं बोट माझ्याकडे आजवर कुणी दाखवलं नाही. मी आले तेव्हा कठडा मोकळा होता. मी मागच्या खांबापाशी उभी होते, पोरी. सोडणारा हात मी पाहिलाय. म्हटलं, स्वतःचाच असेल, विचार बदलला असेल." त्या थांबल्या. "आता सांग यांना."

"काय म्हणतेय ती?" तूरिद म्हणाली.

दारवानबाईही सुन्निवाकडेच बघत होती. मधल्या पुलावर ती एकटी होती. इकडच्या दोघींना तिकडचं कळत नव्हतं. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. 'आजी म्हणतात, त्यांना माहीत नाही.' सात शब्दसुद्धा नाहीत.

"म्हणतात, जागा मोकळी होती," सुन्निवा म्हणाली.

"खोटारडी! बघ कशी बघतेय!" तूरिद म्हणाली.

पोकोर्नीबाईंना शब्द कळला नसेल, सूर कळला. त्यांनी कठड्यावरची आपली गाठ सोडायला घेतली. "घ्या बाई, तुमचीच जागा," त्या पुटपुटल्या. "पण चोर म्हणवून घेऊन मी इथं उभी राहायची नाही."

सुन्निवानं त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं स्वेटरखालून स्कार्फ ओढला. तो पोटाच्या उबेनं कोमट झाला होता.

"आजी म्हणतात, सोडणारा हात त्यांनी पाहिलाय," ती इंग्रजीत म्हणाली. "तो माझा होता. मला वाटलं, ही बेनेदिताची जागा."

तेच तिनं दारवानबाईला जर्मनमध्ये सांगितलं. दारवानबाईनं खांदे उडवले आणि ती निघून गेली.

बेनेदितानं तोंडावर हात धरला. खालच्या खुर्च्यांवर लोक बसत होते, वाद्यं जुळवली जात होती. तूरिदनं सुन्निवाकडे पाहिलं आणि सबंध दिवसात पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलली.

"तू असं करशील असं वाटलं नव्हतं गं मला."

"शब्द दिला होतास," सुन्निवाही घरच्या भाषेत म्हणाली.

"हो. दिला होता. आणि मोडला. मग मला सांगायचंस. तोंडावर भांडायचंस. म्हातारीला काय?"

"काय बोलताय तुम्ही?" बेनेदितानं विचारलं. "मला सांगा ना."

तूरिदनं तिला सांगितलं नाही.

सुन्निवाची मान खाली होती, चेहरा जळत होता. आणि तेवढ्यातही, त्या बोलण्याला बेनेदिता बाहेर आहे, हे तिच्या ध्यानात आलं आणि आत कुठंतरी बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

तिनं स्कार्फ बेनेदिताच्या हातात दिला. "टाका निसटलाय. उद्या गाडीच्या आधी ओवून देते," ती इंग्रजीत म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे गेली.

तिथून रंगमंच दिसत नव्हता. पुढच्या माणसांच्या पाठी आणि त्यांच्यामधून लाल पडद्याची एक चीर. दिवे मालवले. त्या चिरेत तीन डोकी ती ओळखू शकत होती. मधलं पांढरं. पांढरं डोकं एकदा मागं वळलं, अंधारात कुणाला तरी शोधलं, आणि मग अर्ध्या पावलानं तूरिदकडे सरकून कठड्यावर वीतभर जागा करून पुन्हा समोर बघू लागलं. काळा रुमाल मात्र त्यांनी होता तिथंच ठेवला होता.

सुन्निवा जागची हलली नाही. पहिला सूर आला तेव्हा ती त्या वीतभर जागेकडेच बघत होती.