अर्धे दिवाणखाने

दाल्वा आणि एवांद्रो यांचा संसार मोडला तेव्हा दोघांपैकी कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. ब्राझीलियातल्या त्यांच्या ब्लॉकमधल्या शेजाऱ्यांना याचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं भिंतीला कान लावून काय उपयोग झाला!

वकीलबाईंनी दिवाणखान्याच्या सामानाचं विचारलं तेव्हा एवांद्रो म्हणाला, "सोफा आणि खुर्च्या माझ्या वडिलांच्या."

"टेबलं मी निवडलेली," दाल्वा म्हणाली.

"मग झालं तर. बसायचं माझं, ठेवायचं तुझं."

वकीलबाईंनी तेच कायद्याच्या भाषेत लिहून घेतलं.

एवांद्रोचे वडील आर्किटेक्ट. ब्राझीलिया ही नवी राजधानी उभी राहत होती तेव्हा इथल्या लाल धुळीत आले आणि त्यांनी स्वतःसाठी एक सोफा करवून घेतला. लांब, ठेंगणा, काळसर शिसवी लाकडाचा, बारीक पायांचा, चामड्याच्या पट्ट्या ताणलेला. पाहुणे त्याची तोंडभरून स्तुती करत आणि थोड्याच वेळात बूड या बाजूवरून त्या बाजूवर सरकवू लागत. दाल्वाने तो सोफा लग्नाबरोबर पत्करला होता. त्याच्याशी पटेल अशी टेबलं शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. पटलं शेवटी, टेबलांचं.

वेगळी झाल्यावर तिने आग्वास क्लारास या उपनगरातल्या एका उंच इमारतीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात गुबगुबीत सोफा आणला. माणूस त्यात बसत नाही, बुडतो. त्याच्याशेजारी तिची सडपातळ टेबलं अशी दिसू लागली, जणू नाव न वाचता भलत्याच मांडवात शिरलेली पाहुणेमंडळी. दाल्वाला हे दिसत होतं. पण सरकारी खात्यात जन्म काढलेली बाई, चूक मान्य करायची सवय नव्हती.

अशात एवांद्रोचा फोन आला.

"दाल्वा, मला कॉफीचा कप ठेवायला जागा नाही."

"हातात धर."

"चेष्टा करू नकोस. लुझिया म्हणते, हे घर आहे की बसथांबा. सोफ्याशेजारी काय शोभतं हे तुलाच ठाऊक. येशील दुकानात?"

लुझिया म्हणजे एवांद्रोच्या आयुष्यात नव्याने आलेली बाई. दाल्वाने तिला पाहिलं नव्हतं. "येते," ती म्हणाली, आणि मनात ठरवलं की हा जे काही भयंकर उचलेल त्याला मान डोलवायची. लुझियाला रोज बघू दे ते.

आबिलियोच्या फर्निचरच्या दुकानात भयंकर वस्तूंना तोटा नव्हता. "दाल्वाबाई," आबिलियो हात चोळत म्हणाला, "शिसवी सोफ्याला शिसवी टेबल! तेच लाकूड, तोच काळ, तेच पाय. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटूनच घ्यावं लागेल," दाल्वा पुटपुटली.

एवांद्रो मात्र एका काचेच्या टेबलापाशी थबकला होता. काचेखाली सोनेरी डॉल्फिन उड्या मारत होते. त्याने काचेवर हात ठेवला. "हे कसंय? घरात जरा जान येईल."

"छान आहे," दाल्वा म्हणाली.

"खरंच?" तो लहान मुलासारखा हसला. आबिलियो पावती करायला वळला.

दाल्वा दारापर्यंत गेली. तो सोफा तिला आवडत नव्हता. पण त्याची उंची तिच्या गुडघ्यांना पाठ होती. त्याच्या कुशीत उड्या मारणारे डॉल्फिन तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ती तशीच माघारी फिरली.

"काढ हात त्याच्यावरनं."

"अगं, आत्ता तर छान म्हणालीस!"

"खोटं बोलले. ऐक. सोफा सगळा चौकोनी, म्हणून टेबल गोल घ्यायचं. सोफ्याचे पाय बारीक, खुर्च्यांचे बारीक, त्यात टेबलाचेही तसलेच आणलेस तर पायांचं रान माजेल. एका जाड खांबावरचं बघ. आणि शिसवी नको. सख्ख्या जावा शेजारीशेजारी बसवल्या की दोघींचं तोंड वाकडं."

"आणि उंची?"

"सोफ्याच्या हाताइतकी. वर नाही. कप घेताना खांदा उचलावा लागला तर ते टेबल नव्हे, कपाट."

तिने स्वतः फिरून दोन काढली: एक गोल, हिरवट दगडाचं, खांबावरचं, दुसरं ठेंगणं, मोहरीच्या रंगाचं, खुर्चीपाशी ओढून घ्यायला. बाहेर पडल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. सूड घ्यायला गेली आणि घर सजवून आली.

काही दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

"मी लुझिया. ती टेबलं तुम्ही निवडलीत ना? एवांद्रो म्हणतो त्याने. पण ज्या माणसाला दोन पायांत एकसारखे मोजे घालता येत नाहीत..."

दाल्वाला हसू फुटलं. "मीच."

"मला मदत हवीये. माझ्या नवऱ्यासाठी, म्हणजे आधीच्या. आमच्या वाटणीत खुर्च्या मी घेतल्या आणि तो टेबलं घेऊन बसलाय. बसलाय कसला, बसायला काही नाहीच! रोज आमच्याकडे टेकायला येतो. एवांद्रोशी फुटबॉलवर गप्पा मारतो. जेवूनही जातो."

"मग अडचण काय?"

"दोघांचं फार जमायला लागलंय हो."

दाल्वा गेली. जिल्सन नावाचा तो गृहस्थ बिअरच्या क्रेटवर बसून संगमरवरी टेबलावर भात खात होता. आजवर तिने खुर्च्यांसाठी टेबलं शोधली होती. आता उलटा हिशेब मांडला आणि वेताने विणलेल्या दोन खुर्च्या मिळवून दिल्या. जिल्सनचं एवांद्रोकडे जाणं तरी थांबलं नाही. पण त्याने घटस्फोट झालेल्या आपल्या बहिणीला दाल्वाचं नाव सांगितलं, बहिणीने त्याच वकीलबाईंना, आणि वकीलबाईंनी ज्याला त्याला. या शहरात अर्धे दिवाणखाने किती आहेत हे तेव्हा कळलं. कुणाकडे नुसते दिवे, कुणाकडे सोफ्याचा एक कोपरा. लोक मोबदला देऊ लागले आणि दाल्वाची पेन्शन तशीच पडून राहू लागली. एवांद्रो भेटेल त्याला सांगे, "हिला धंद्याला मी लावलं."

पावसाळ्याच्या तोंडावर ओदेत नावाची एक बाई आली. तिच्या वाट्याला सोफा आला होता, लांब, ठेंगणा, शिसवी. एवांद्रोच्या सोफ्याचा चुलतभाऊ म्हणावा असा. दोघी दुकानांमागून दुकानं हिंडल्या. दाल्वा प्रत्येक टेबलाला नाक मुरडत होती.

"तुम्हाला काय हवंय ते एकदा बोला तरी," ओदेत दमून म्हणाली.

दाल्वाला हवं होतं ते तिच्याच घरी उभं होतं.

"चला माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. एकाही गिऱ्हाइकाला तिने आजवर उंबऱ्याआत घेतलं नव्हतं.

ओदेतने गुबगुबीत सोफा पाहिला, टेबलं पाहिली आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागली.

"बोला, बोला," दाल्वा म्हणाली.

"टेबलं अप्रतिम आहेत. सोफा... मऊ असेल."

"बसून बघा."

ओदेत बसली, बुडाली आणि बराच वेळ वर आली नाही. आतूनच म्हणाली, "दाल्वाबाई, हा विकता का?"

"टेबलं न्या. हा नाही मिळायचा."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. टेबलं जिन्यातून उतरताना दाल्वा प्रत्येक वळणावर हमालांना दम देत होती. ओदेतच्या घरी तिने ती स्वतः मांडली आणि दोन पावलं मागे सरून पाहिली. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती.

येताना तिने सुपरमार्केटातून एक प्लास्टिकचं स्टूल घेतलं, निळं. कशाशीच जुळत नव्हतं. त्यावर चीझ-ब्रेडची बशी ठेवून ती सोफ्यात बुडाली, आणि फोन वाजत राहिला तरी उठली नाही.