हेल्मेटवरचा प्रीचर

सौदीतल्या जुबैलच्या कँपात चहाची सुट्टी झाली की धोंडीराम फिटरला उपदेश केल्याशिवाय राहवत नसे. दारू वाईट, पत्ते वाईट, आणि घरी पत्र न लिहिणारा तर थेट नरकातच जायचा! माणसं कंटाळत, पण ऐकत. गोरा सुपरवायझर एकदा हसून म्हणाला, "प्रीचर!" आणि ते नाव त्याला चिकटलं.

अर्थ विचारायला धोंडीराम गेला तो नेमका टाइमकीपर बाबाजीकडे. इथेच बिचाऱ्याचं नशीब फुटलं. फोरमनची जागा धोंडीरामला मिळणार हे जवळपास ठरलं होतं, आणि बाबाजीला तिथे आपला मेहुणा चिकटवायचा होता.

"मोठा मान आहे हा," डिक्शनरी मिटत बाबाजी गोड आवाजात म्हणाला. "शब्द लॅटिनमधला. 'प्रे' म्हणजे पुढे, 'डिकारे' म्हणजे जाहीर सांगणं. चारचौघांपुढे उभं राहून धर्म सांगतो, तो प्रीचर. हेल्मेटवर लिहून घे की!"

तिथे ज्याच्या त्याच्या हेल्मेटवर त्याचं काम रंगवलेलं असे: वेल्डर, रिगर, फिटर. धोंडीरामने 'फिटर' खरवडून काढलं आणि इंग्रजीत ठळक 'प्रीचर' रंगवून घेतलं. दाभोळच्या कादिरने त्याला बाजूला ओढलं.

"पुसून टाक ते! तुमच्या धर्माचा प्रचार इथं खपवून घेत नाहीत. विमानात बसवतील."

"जळतोस तू माझ्यावर," धोंडीराम म्हणाला. गाढव कुठला!

पुढच्याच आठवड्यात कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर सगळे आले होते तो अरब मालक, साइटवर आला. त्याने हेल्मेटकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बाबाजी लगबगीने पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या अरबीत त्याने तो शब्द मुळापासून समजावून सांगितला. धोंडीराम छाती फुगवून उभा. कफिलाच्या कपाळाला आठी पडली ती त्याला दिसलीच नाही.

"काय म्हणाले?"

"खूश आहेत तुझ्यावर," बाबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप दारात उभी राहिली. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, काढून घेतला, पेटी मागे टाकली. हे कशासाठी, ते कादिरने रडत रडत सांगितलं. गाडीचा कठडा धरून धोंडीराम ओरडायला लागला, "अरे, घोटाळा झालाय! बाबाजीला बोलवा कुणीतरी! त्याला खरा अर्थ माहीत आहे, तो साहेबांना समजावून सांगेल!"

कादिरने मान खाली घातली. "त्यानेच सांगितलाय, धोंडीराम."