गुडघ्याच्या उंचीवरची काजळी

"इथं सर, फक्त एक सही," म्हणत श्रीरामने कागद टेबलावर सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन व्यंकटरावांच्या हाताशी ठेवलं.

व्यंकटरावांनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, कागद दारातल्या उजेडात धरला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सेलूच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी देवगाव फाट्यावर ही पत्र्याची खोली घेतली होती. बाहेर 'पीयूसी केंद्र' अशी पाटी, आत गाड्यांचा धूर मोजायचं मशीन, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीत बसलेला श्रीराम त्यांचाच जुना विद्यार्थी, आता परभणीच्या शोरूमचा मॅनेजर. सरांचं काम म्हणून तो स्वतः आला होता.

व्यंकटरावांनी एका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "'सदर वाहनात मला कोणताही दोष आढळला नाही व कंपनीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.' ही ओळ कशाला?"

"सगळ्यांकडूनच घ्यायलेत सर. नुसता रिवाज हाय."

"दोष न्हाई, तर गाड्या परत कशाला बोलवायलेत?"

श्रीराम हसला. सर हसत नाहीत हे पाहून त्याने हसू आवरतं घेतलं.

व्यंकटरावांची गाडी ज्या कंपनीची, तिचं नाव गेले चार महिने पेपरात गाजत होतं. तिने आपल्या डिझेल गाड्यांमध्ये एक चोरटं सॉफ्टवेअर बसवलं होतं. धुराची तपासणी करताना गाडी जागेवर उभी असते आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय तळापर्यंत दाबून, सोडून, परत दाबून इंजिन ठरावीक पद्धतीने रेस केलं जातं. ती पद्धत गाडीला ओळखू यायची. परीक्षा सुरू झाली हे कळताच ती शहाण्या पोरासारखी धूर गिळून उभी राहायची, आणि परीक्षा संपली की रस्त्यावर हवा तेवढा काळा धूर सोडायची. भानगड उघडकीला आल्यावर कंपनीने गाड्या माघारी बोलावल्या. एक तर फुकटात दुरुस्ती करून घ्या, नाहीतर जुनी गाडी देऊन भल्यामोठ्या सवलतीत नवी घ्या, असे दोन रस्ते ठेवले. दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी हाच कागद होता. मुदत गुरुवारपर्यंतची होती.

"विचार करतो," व्यंकटराव म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

विचार करण्यासारखं काय आहे, हे श्रीरामला समजेना. त्याला समजणारही नव्हतं. त्या पंचक्रोशीत व्यंकटरावांची जी काही पत होती, ती त्या मशीनवर उभी होती. दुसरीकडे फोनवर गाडीचा फोटो पाठवला की सर्टिफिकेट तयार. व्यंकटरावांकडे गाडी आल्याशिवाय आणि नळी सायलेन्सरमध्ये गेल्याशिवाय कागद निघत नसे. त्यांनी सरपंचांची जीप परत पाठवली होती. सख्ख्या मेहुण्याचा टेम्पो नापास केला होता, तेव्हापासून मेहुणा दिवाळीला येत नव्हता. कुणी हुज्जत घातली की त्यांचं एकच उत्तर असे, मशीन खोटं बोलत नाही. आणि त्याच मशीनवर, स्वतःच्या हाताने, त्यांनी स्वतःची गाडी सात वर्षांत सहा वेळा पास केली होती.

त्या संध्याकाळी ते वालूरला घरी पोचले, गाडी नेहमीप्रमाणे मागे घेत बोळात कुंपणाच्या भिंतीला पाठ करून लावली, आणि उतरून भिंतीसमोर उभे राहिले. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक काळा डाग होता. परातीएवढा, मधे गडद, कडेला फिकट. दर दिवाळीला चुना दिला की तो झाकला जाई आणि संक्रांतीपर्यंत परत उमटे. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन गरम केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलेला नियम होता आणि तो ते स्वतःही पाळत.

त्या डागावरून एक प्रकरण झालं होतं. बोळाच्या पलीकडे तानुबाईचं घर. एकटी म्हातारी, दारात तीन दगडांची चूल, तिच्यावर अंघोळीचं पाणी तापायचं. पाच वर्षांपूर्वी व्यंकटरावांनी ग्रामपंचायतीकडे दरखास्त दिली होती की, चुलीच्या धुरामुळे माझी भिंत खराब होते. दरखास्तीला त्यांनी आपल्या गाडीचं पीयूसी सर्टिफिकेट जोडलं होतं. गाडीचा धूर नाही, हे बघा मशीनचं प्रमाण! ग्रामसेवकाने प्रमाण पाहिलं, तानुबाईला बोलावलं, आणि तिने एक शब्द न बोलता तिन्ही दगड उचलून घरामागच्या उकिरड्याकडे नेले. तिथे आडोसा नव्हता. पावसाळ्यात तिची चूल पेटत नसे.

चूल गेली तरी डाग उमटतच राहिला. व्यंकटरावांनी त्याचंही कारण शोधलं होतं. जुना धूर भिंतीत मुरलाय, तो पाझरतो. इतकी हुशारी माणसाला केवळ शिक्षणानेच येते.

अंबिकाबाई पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. नवरा भिंतीकडे पाहत उभा आहे हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मी तवाच म्हणले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "चुलीचा धूर वर जातो. ही काजळी गुडघ्याइतकी वर हाय. सायलेन्सर बी तितकाच वर हाय."

व्यंकटरावांना ते आठवत होतं. आपण काय उत्तर दिलं होतं तेही आठवत होतं. पाच वर्षांनी ते उत्तर त्यांच्या कानात वाजलं आणि शरमेने त्यांचे कान तापले.

रात्री जेवणं झाल्यावर पुण्याहून मुलाचा, शंतनुचा फोन आला. श्रीरामने त्याच्याही कानावर घातलं होतं. आईच्या गुडघ्याच्या इलाजासाठी दर महिन्याला परभणीला जावं लागतं, तुमचंही वय झालंय, फुकटात मिळाल्यासारखी नवी गाडी मिळते आहे तर खामखा का अडून बसता, असं त्याने समजावून सांगितलं. पोरगा चुकीचं काही बोलत नव्हता, आणि म्हणूनच व्यंकटरावांना जास्त राग आला.

"अण्णा, सही करून टाका ना. त्या कागदाला कोण विचारतंय?"

"सर्टिफिकेटवर सहा वेळा मी सही केली, तवा बी मला असंच वाटलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "फसवलं त्यांनी. फसलो मी. आता फसलोच नव्हतो म्हणून लिहून देऊ? म्हणजे तानुबाईची चूलच खोटी, न्हाई का?"

शंतनुला तानुबाईच्या चुलीचं काही माहीत नव्हतं. त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. अंबिकाबाईंनी ऐकून घेतलं आणि मला बशीत चढता येतं एवढंच सांगून फोन ठेवला. खरं म्हणजे त्यांना बसमध्ये चढताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागत असे. व्यंकटराव त्यांच्याकडे पाहत राहिले. छत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई इतकी आवडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

गुरुवारी श्रीराम आला तो नव्या गाडीचं रंगीत पुस्तक घेऊनच. व्यंकटरावांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, सहीचं नंतर बघू, माझ्या गाडीच्या पीयूसीची मुदत आज संपते आहे, आधी ती तपासू. नळी लावली. श्रीरामला पाय द्यायला बसवलं. मशीनचा आकडा कालच्या पोरासारखा निरागस होता. गाडी सातव्यांदा पास झाली.

मग व्यंकटरावांनी पिशवीतून जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा काढला, सायलेन्सरच्या मागे थोडं अंतर ठेवून तारेने बांधला, आणि श्रीरामला बाजूला बसवून जिंतूरच्या रस्त्याला गाडी काढली. ना शर्यत लावली, ना घाई केली. बाजाराला निघालेला माणूस चालवेल तशी चालवली, वाटेत दोन ट्रॅक्टरना रस्ता दिला, आणि वळून परत फाट्यावर आणली. धोतराचा तुकडा सोडून त्यांनी टेबलावर, त्या कागदाच्या शेजारी पसरला. मधे गडद, कडेला फिकट. भिंतीवरचा डागच जणू कुणी सोलून आणला होता.

श्रीरामने तुकड्याला बोट लावून बोटावर आलेली काजळी पाहिली. मग हळूच म्हणाला, "सर, तरी बी मशीन पास दाखवायलंय. कायद्यानं तुमी सर्टिफिकेट देऊ शकता."

"देऊ शकतो. देत न्हाई."

"मग गाडी रस्त्यावर कशी आणणार?"

"न्हाई आणणार."

श्रीरामने परोपरीने सांगून पाहिलं. दुरुस्ती नाही, बदली नाही, सर्टिफिकेट नाही. लाखांची गाडी भंगार होईल. व्यंकटरावांनी त्याला विचारलं, आयटीआयला मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? श्रीरामने मान खाली घालून सांगितलं, इंजिनाचा आवाज आधी स्वतःच्या कानाने ऐकायचा, मग मीटर बघायचं.

"हे मी तुला शिकवलं अन् स्वतः इसरलो," व्यंकटराव म्हणाले. सहीविना राहिलेला तो कागद त्यांनी त्याच्या हातात दिला. "कंपनीला म्हणावं, आमी खोटं बोललो एवढी एक ओळ तुमी लिहून द्या. त्याच्याखाली मी लगेच सही करतो."

श्रीराम गेल्यावर त्यांनी गाडी केंद्रासमोर, रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली. पुठ्ठ्यावर पाटी लिहिली. अक्षर आयटीआयच्या फळ्यावरचं, ठसठशीत. 'ही गाडी मशीनवर पास होते. रस्त्यावर नापास आहे.' खाली तपासनीस आणि मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि धोतराचा तुकडा शेजारी टांगला. दोन दिवसांत कंपनीच्या कुठल्याशा मोठ्या साहेबाचा फोन आला. पाटी काढा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. व्यंकटरावांनी शांतपणे विचारलं की पाटीवरचं कुठलं वाक्य खोटं आहे तेवढं नोटिशीत लिहा. नोटीस आली नाही. पाटी वाचायला मात्र बसमधली माणसं खिडकीतून वाकू लागली.

एक काम उरलं होतं आणि ते या सगळ्यापेक्षा अवघड होतं. रविवारी सकाळी व्यंकटराव तानुबाईच्या घरामागे गेले. म्हातारी विझलेल्या चुलीपाशी बसून गोवरी फोडत होती. ते उभ्यानेच म्हणाले की, माझं चुकलं, धूर माझ्या गाडीचा होता.

"मला ठावं व्हतं, गुरुजी," तानुबाई म्हणाली. "चूल माही. तिचा धूर कुठं जातो, मला कळत न्हाई व्हय?"

"मग ग्रामपंचायतीत बोलल्या का न्हाई?"

"तुमच्यापाशी मशीन व्हतं," ती म्हणाली. "माह्यापाशी काय व्हतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर व्यंकटरावांना सोसला असता. ते खाली वाकले आणि चुलीचा पहिला दगड उचलला. पाच वर्षांच्या काजळीने दगड लिंपलेला होता. एकेक करत तिन्ही दगड त्यांनी बोळातून, गावाच्या डोळ्यांदेखत, तिच्या दारात आणून मांडले. तानुबाई मागून काठी टेकत आली, मांडणी पाहिली आणि म्हणाली, तोंड उगवतीला झालंय, वारा आत घुसंल, मावळतीला करा. आयटीआयच्या निवृत्त निदेशकांनी दगड हलवले. मधला तिरका आहे म्हणाली, तोही सरळ केला. मग तिने काटक्या सारल्या, पाण्याचा हंडा चढवला आणि चूल पेटवली. धूर उठला, दारावरच्या पत्र्यापर्यंत सरळ गेला आणि वरच्या वर पांगला. पांढऱ्या भिंतीच्या वाटेला तो गेलाच नाही.

केंद्रावर जायला सेलूच्या बसची वेळ झाली होती. व्यंकटराव दोन्ही काळे हात पुढे धरून अवघडून उभे होते. तानुबाईने हंड्यात तांब्या बुडवला आणि त्यांच्या हातांवर कोमट पाणी ओतलं. ते हात चोळत राहिले, ती ओतत राहिली. काजळी लवकर निघत नव्हती.